पिप अडवतं ते योग्यच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा रोख थोडक्यात असा: डेबियन-उबुंटू या लिनक्स वितरणांवर पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) आता ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ (हे पायथन दुसरं कोणी सांभाळतंय) म्हणत अडून बसतं, हा नवशिक्यांचा छळ आहे आणि माझ्या लेखात त्याचं समर्थन झालंय. हा अडथळा ओलांडणारा ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा फ्लॅग (आज्ञेला जोडायचा पर्याय) लावून मोकळं व्हावं. आणि पायथनवाल्यांनी रोज नवं साधन काढण्यापेक्षा आप्टसारखं (डेबियनचं पॅकेजेस बसवणारं साधन) एकच का काढलं नाही?

आधी तो फ्लॅग. डेबियनवर आप्टने आणलेली पायथन पॅकेजेस ‘/यूएसआर/लिब’खालच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये बसतात, तर सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवलेलं पिप आपली पॅकेजेस ‘/यूएसआर/लोकल/लिब’खाली टाकतं. इम्पोर्ट करताना पायथन आधी लोकलमध्ये बघतं. आता डेबियन १२ मधलं रिक्वेस्ट्स (वेबवरून माहिती आणणारी लायब्ररी) घ्या. ते २.२८ आहे आणि ते ज्यावर उभं आहे त्या युआरएललिब३ या लायब्ररीची त्याला १.२६ च्या मालिकेपर्यंतचीच आवृत्ती चालते. तुम्ही पिपने असं काही बसवलंत की ज्याला युआरएललिब३ २.० च्या पुढचं हवंय, तर पिप जुनं काढत नाही (‘नॉट अनइन्स्टॉलिंग’ अशी ओळ छापून पुढे जातं), नवं लोकलमध्ये ठेवतं. त्या क्षणापासून रिक्वेस्ट्स वापरणारी यंत्रणेतली प्रत्येक स्क्रिप्ट चुकीच्या युआरएललिब३ बरोबर चालते. कधी नुसती ताकीद छापून येते, कधी स्क्रिप्ट कोसळते.

खरा त्रास पुढे आहे. आप्टने रीइन्स्टॉल करूनही काही सुधारत नाही, कारण आप्टच्या फायली बिघडलेल्याच नसतात, त्या फक्त झाकल्या गेलेल्या असतात. ‘पिप लिस्ट -व्ही’ मधला लोकेशनचा रकाना बघून लोकलमधली प्रत पिपनेच काढावी लागते. त्यालाही पुन्हा तोच फ्लॅग लागतो. सुडोऐवजी ‘--युझर’ वापरलं तरी झाकाझाक तीच, फक्त ती तुमच्या खात्यापुरती राहते. म्हणून आग्रह एवढाच: एका डिरेक्टरीला एकच मालक. पेप ६६८ ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा क्रमांकित प्रस्ताव) याहून जास्त काही केलेलं नाही. वितरणाने स्टँडर्ड लायब्ररीच्या डिरेक्टरीत एक छोटी खुणेची फाइल ठेवायची. ती दिसली आणि आपण व्हेन्व्हच्या (एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथन-वातावरणाच्या) बाहेर असलो, तर पिपने थांबायचं. पायथनच्या अधिकृत डॉकर प्रतिमेत (कंटेनर म्हणजे सुटं, वेगळं वातावरण उभं करायच्या साच्यात) ही खूण नसते, कारण तिथलं पायथन आप्टचं नसून वेगळं बांधलेलं असतं.

छळाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. डेबियनचा संदेश आप्ट, व्हेन्व्ह आणि पिपएक्स (प्रत्येक प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या व्हेन्व्हमध्ये बसवणारं साधन) असे तिन्ही रस्ते नीट सांगतो, पण त्याच्या खाली पिप स्वतःची टीप जोडतं आणि तीत फ्लॅगचं नाव असतं. टर्मिनलवर माणूस शेवटच्या ओळी वाचतो आणि तेच कॉपी करतो. शिवाय ‘पायथन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज नसेल, तर सांगितल्याप्रमाणे व्हेन्व्ह करायला गेलं की दुसरी एरर! वरचा भाग वितरणाच्या त्या खुणेच्या फाइलीतूनच येतो, तेव्हा तो सुधारायला पिपमध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. तक्रार वितरणाकडे नोंदवा, नुसता मजकुराचा पॅच दिलात तरी उपयोगाचा आहे.

आता ‘एकच साधन’. ते होतं की! डिस्टयूटिल्स हे पॅकेज बांधायचं साधन पायथनबरोबरच यायचं, आणि ३.१२ मध्ये ते काढून टाकलं. त्याची पद्धत अशी की पॅकेजची माहिती ‘सेटअप डॉट पीवाय’ या प्रोग्रामच्या पोटात असायची. अवलंबित्वं कोणती, एवढं कळायलाही तो प्रोग्राम चालवावा लागे, आणि चालवायला जे लागतं तेच आधी बसवलेलं नसे. पेप ५१८ आणि ५१७ नी हा तिढा सोडवला: बांधणीला काय लागतं ते ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’मध्ये लिहायचं, आणि बांधणाऱ्या साधनाने ठरलेल्या नावाचं फंक्शन द्यायचं. आज सेटअपटूल्स, फ्लिट, हॅचलिंग, मेसन-पायथन यांपैकी काहीही वापरा, तयार होणारं व्हील (बांधून तयार असलेलं पॅकेज) पिपही बसवतं आणि यूव्ही हे पिपसारखं नवं साधनही. साधनं वाढली ती यामुळे, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. उणीव होती ती सामायिक लॉकफाइलची (बसवायच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीची), ती प्रत्येक साधनाची वेगळी होती; त्यासाठी पेप ७५१ २०२५ मध्ये मंजूर झालं.

आप्टशी तुलना तशीही जुळत नाही. डेबियनच्या एका आवृत्तीत साधारण प्रत्येक लायब्ररीची एकच आवृत्ती असते आणि सगळं एकाच जीलिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेलं असतं. पायपीआयला (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडाराला) समोरचं यंत्र कोणतं हे ठाऊकच नसतं, म्हणून ते व्हीलच्या नावात लिहावं लागतं: ‘सीपी३१२’ म्हणजे सीपायथन ३.१२, ‘मेनीलिनक्स_२_२८’ म्हणजे जीलिबसी २.२८ किंवा पुढचं. तुमचं जीलिबसी २.१७ असेल तर पिप ते व्हील मुकाट्याने सोडतं, सोर्स उतरवतं आणि कंपाइल करायला लागतं. मग ‘पायथन डॉट एच सापडत नाही’ असली एरर येते आणि लोक हेडर शोधत बसतात. ‘--ओन्ली-बायनरी :ऑल:’ लावा: व्हील असलेली जुनी आवृत्ती मिळेल, नाहीतर लगेच नकार. तुमच्या यंत्राला कोणते टॅग चालतात ते ‘पिप डिबग --व्हर्बोज’ दाखवतं.

फ्लॅग फेकून द्यायच्या कंटेनरमध्ये खुशाल वापरा. ज्या यंत्रावर उद्याही काम करायचंय, तिथे नको.