जवाद सलीमच्या शिल्पावर फिरणारा तो फॉरवर्ड

बगदादच्या तहरीर चौकातल्या ‘स्वातंत्र्य स्मारक’ या लांबलचक ब्राँझ शिल्पाचा फोटो आणि खाली सहा ठोकताळे, असा एक मराठी फॉरवर्ड पुन्हा फिरू लागला आहे. शिल्पकला शिकणाऱ्या भाचीनेही तो ‘मामा, खरंय का हे?’ असं विचारत पाठवला, तेव्हा गप्प बसणं अवघड झालं. कारण ती उद्या याच विषयावर निबंध लिहील आणि हेच त्यात उतरवेल.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. अरबांना चित्र-शिल्प कधी जमलंच नाही, धर्मातच बंदी. हे स्मारक सद्दामने स्वतःच्या उदोउदोसाठी उभारलं. बनवलं इटालियन कारागिरांनी, जवाद सलीम नावाच्या इराक्याने फक्त नाव लावलं. आकृत्या पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्रावरून उचललेल्या. शेवटी सरकारनेच शिल्पकाराला मारलं, आणि २००३ मध्ये अमेरिकेने शिल्प पाडलं.

सद्दामचं आधी उरकू, कारण त्याला कॅलेंडर पुरेसं आहे. स्मारकाचं काम दिलं अब्द अल-करीम कासिमच्या सरकारने. १४ जुलै १९५८ ला राजेशाही उलथवून हे सरकार आलं होतं. शिल्प खुलं झालं जुलै १९६१ मध्ये. सद्दाम राष्ट्राध्यक्ष झाला १९७९ मध्ये. आणि याच कासिमवर ऑक्टोबर १९५९ मध्ये बगदादच्या रस्त्यात गोळ्या झाडणाऱ्या टोळीत सद्दाम होता. तिथून तो सीरियात पळाला, पुढे कैरोला गेला, आणि तहरीर चौकात ही ब्राँझं चढत होती तेव्हा कैरोतच होता. ज्याला मारायला निघाला, त्याच माणसाने दिलेलं हे काम! फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एक तारीख तपासली असती तरी पुरलं असतं.

आता खरा संतापजनक मुद्दा. ‘इटलीत ओतलं, म्हणजे इटालियनाने केलं.’ ओतकाम फ्लॉरेन्समध्ये झालं, हे खरं. पण त्यावरून जो निष्कर्ष काढलाय, तो काढणाऱ्याने ओतशाळेचं दारही पाहिलेलं नाही.

मोठं ब्राँझ साधारण असं होतं. आधी लोखंडी सळ्या, लाकूड आणि जाळीचा सांगाडा. त्यावर माती. आकृती, तिचा तोल, कुठला गुडघा पुढे, कुठली मान वाकलेली, बोटांचा ताण, हे सगळं इथे, मातीत ठरतं, आणि ते शिल्पकार ठरवतो. मातीवरून प्लास्टरचा तुकड्या-तुकड्यांचा साचा निघतो आणि त्यातून प्लास्टरची प्रत. ती ओतता येईल अशा भागांत कापतात. मेणाच्या पद्धतीत प्रत्येक भागाच्या साच्यात ४ ते ६ मिलिमीटर जाडीचा मेणाचा थर देतात, आत गाभा भरतात, आणि मेण गेल्यावर गाभा जागचा हलू नये म्हणून त्यात खिळे ठोकतात. मग धातू आत जायला आणि हवा बाहेर पडायला वाटा, म्हणजे रनर आणि रायझर, जोडायचे, बाहेरून मातीचं किंवा प्लास्टर-विटकरीचं कवच चढवायचं, भट्टीत कोरडं करून मेण काढायचं, आणि ११०० अंशांच्या वर तापलेला धातूचा रस ओतायचा. कवचात ओल राहिली तर वाफ होते, धातू उसळतो, पृष्ठभागावर भोकं पडतात. गाभा सरकला तर एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला ठोकळा. रस पातळ भागात पोचायच्या आधी गार झाला तर तिथे शीव पडते. हे सांभाळणं मोठं कसब आहे, आणि फ्लॉरेन्समध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणूनच सलीम तिथे गेला.

पण त्या कसबाने आकृती जन्माला येत नाही. गार होताना ब्राँझ सुमारे दीड टक्का आकसतं. ८ मीटर उंचीत हा फरक १२ सेंटीमीटरच्या आसपास जातो, आणि तो मातीच्या मापातच धरावा लागतो. ६ मिलिमीटर जाडीच्या ब्राँझचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ५३ किलो. २० चौरस मीटर पृष्ठभागाचा आकृत्यांचा एक गट म्हटलं तर टनभराचा ऐवज. तो मागच्या भिंतीतून बाहेर किती काढायचा, हा हिशेब ओतणारा करत नाही.

आणि हे शिल्प तर मातीतच जिंकायचं होतं. ट्रॅव्हर्टाइन दगडाने मढवलेली ५० मीटर लांब, १० मीटर उंच पाटी, जमिनीपासून ६ मीटर वर. तिच्यावर १४ ब्राँझ गट, सरासरी ८ मीटर उंच. म्हणजे पाटीची वरची कड जमिनीपासून १६ मीटरवर. १५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ती बघायला मान सुमारे ४४ अंश वर करावी लागते. त्या कोनातून पाय मोठे दिसतात, डोकी लहान, आणि जे खोल कोरलेलं नाही ते बगदादच्या उन्हात पुसून जातं. फिकट दगडावर काळपट ब्राँझ असल्याने बाह्यरेषाच बोलते. पाटीची कल्पना वास्तुकार रिफअत चादिरजी यांची. मोर्चात उंच धरलेल्या फलकासारखी दिसावी, असा तिचा विचार होता. फ्लॉरेन्सला सलीमच्या हाताखाली मोहम्मद घनी हिकमत होता, जो पुढे स्वतः बगदादचा मोठा शिल्पकार झाला.

ओतणारा म्हणजे कर्ता, हा न्याय लावायचा तर फ्रेंच शिल्पकार रोदँच्या असंख्य ब्राँझांवर रुदिये ओतशाळेचा छाप आहे, ती सगळी रुदियेंची म्हणा. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरची कित्येक कामं बर्लिनच्या नोआक ओतशाळेने ओतली, तीही त्यांची. आणि पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा माझगाव गोदीत ओतला गेला, तेव्हा नानासाहेब करमरकरांचं नाव काढून गोदीचं लावा. लावाल?

‘गेर्निका’चं मात्र अर्धं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. घोडा आहे, बैल आहे, मेलेल्या मुलावर वाकलेली आई आहे, हातात मशाल घेतलेली बाई आहे. सलीम १९३८-३९ मध्ये पॅरिसला शिकत होता, नंतर रोमला, आणि १९४६ ते ४९ लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये. पिकासो आणि मूर त्याने कोळून प्यायले होते, ते दिसतंच. पण नक्कल करणारा माणूस पॅरिस-रोमहून परत येऊन बगदादच्या पुरातत्त्व खात्यात काम करत नाही. तिथे त्याला सुमेरियन मूर्ती आणि असीरियन भिंतीशिल्पं जवळून हाताळायला मिळाली. स्मारकाची रचना पाहा. उजवीकडून डावीकडे, अरबी ओळीसारखी, प्राचीन इराकातली दंडगोल मुद्रा ओल्या मातीवर फिरवावी तशी ती उलगडते. उजव्या टोकाला उधळलेला घोडा, मग फलक धरलेले लोक, रडणारी आई, तुरुंगातला राजकीय कैदी. मध्यभागी गज तोडणारा सैनिक. तिथून पुढे गोंधळ शांत होतो: तैग्रिस आणि युफ्रेटिस दोन स्त्रियांच्या रूपात, शेतकरी, बैल, शेवटी कामगार. दोन शेतकरी एकच फावडं धरून आहेत, एकाचा वेश सुमेरियन आणि दुसऱ्याचा असीरियन. हे पिकासोत कुठे आहे, ते दाखवा.

‘अरबांत चित्रं नव्हतीच’ याला उत्तर याह्या अल-वासिती. १२३७ मध्ये त्याने चितारलेली हरीरीच्या ‘मकामात’ या अरबी कथासंग्रहाची हस्तलिखित प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे: उंट, बाजार, मशिदी, बाळंत होणारी बाई, सगळं. १९५१ मध्ये शाकिर हसन अल सईदबरोबर ‘आधुनिक कलेचा बगदाद गट’ काढताना सलीमने हाच वारसा सांगितला. सलीमचे वडील हौशी चित्रकार, बहीण नझीहा नावाजलेली चित्रकार, भाऊ सुआद आणि निझार दोघेही कलावंत. एकाच घरात इतके! चौकात उभ्या आकृतीशिल्पाबद्दल धार्मिक संकोच होता, हे खोटं नाही. १९५८ पूर्वी बगदादेत दिसणारे राजा फैसलचा घोड्यावरचा पुतळा आणि ब्रिटिश जनरल मॉडचा पुतळा परक्यांच्या हातचेच. फैसलचा पुतळा तर पिएत्रो कॅनोनिका या इटालियनाचा. क्रांतीच्या दिवशी दोन्ही पाडले गेले. फॉरवर्डमधला ‘इटालियन’ बहुधा तिथूनच सुटून इकडे चिकटला.

सरकारने मारलं? सलीम २३ जानेवारी १९६१ ला हृदयविकाराने गेला, वय ४१. उद्घाटन त्याला पाहता आलं नाही, उरलेलं काम इतरांनी मार्गी लावलं. कामाचा ताण प्रचंड होता, आणि कासिमला शिल्पात आपली प्रतिमा हवी होती असं सांगितलं जातं. त्यावरून खुनापर्यंत उडी मारायला पुरावा लागतो. १४ गटांत कासिम कुठेही नाही, एवढं नुसत्या डोळ्यांनी तपासता येतं. सलीमचा मित्र आणि समीक्षक जब्रा इब्राहिम जब्रा यांनी या स्मारकावर बगदादमध्ये १९७४ मध्ये छापलेलं पुस्तक आहे. ज्याला शंका असेल त्याने ते वाचावं, व्हॉट्सअ‍ॅप नव्हे.

राहिलं २००३. एप्रिलमध्ये साखळी बांधून पाडला गेला तो सद्दामचा पुतळा, फिरदौस चौकातला, जेमतेम वर्षभरापूर्वी उभारलेला. त्याच चौकात आधी चादिरजींचं अज्ञात सैनिकाचं स्मारक होतं आणि ते १९८२ मध्ये पाडण्यात आलं. तहरीर चौकातलं शिल्प जागेवर आहे, आणि ऑक्टोबर २०१९ च्या आंदोलनात हजारो तरुण त्याच्याच खाली तळ ठोकून होते.

पुन्हा फोटो आला तर एवढं बघा. दोन मुठी आणि वर एकमेकांना छेदणाऱ्या तलवारी दिसल्या, तर ती १९८९ ची विजयकमान. ती मात्र खरोखर सद्दामची, हात त्याच्याच हातांवरून घेतलेले. खालिद अल-रहालने सुरू केली, तो वारल्यावर हिकमतने पुरी केली. लांब पांढुरकी आडवी पाटी आणि तिच्यावर काळ्या आकृत्यांची रांग दिसली, तर ते सलीमचं.