अश्वगंधेने मेलेल्या नसा 21 दिवसांत जिवंत होतात?

पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. झोपताना अश्वगंधा चूर्ण दुधातून घ्या, मधुमेहाने मेलेल्या पायाच्या नसा 21 दिवसांत जिवंत होतात, जपानी शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलंय, दुष्परिणाम शून्य, साखरेच्या गोळ्या बंद केल्या तरी चालतील. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळलं, 26.4 टक्के. अशा ठिकाणी हा मेसेज म्हणजे कुणाचा तरी पाय जाऊ शकतो.

जपानचं संशोधन खरं आहे. तोयामा विद्यापीठात अश्वगंधेतला विथॅनोसाइड-4 हा एकच घटक, मज्जारज्जूला इजा केलेल्या उंदरांना दिला, तेव्हा त्यांच्या मागच्या पायांची हालचाल सुधारली. 2007 चा हा निष्कर्ष आशादायक आहे, पण ती इजा मधुमेहाची नव्हती आणि औषध म्हणून दिलं ते चूर्णही नव्हतं. माणसांवर अश्वगंधेच्या ज्या चाचण्या झाल्या त्या मुख्यतः ताण आणि झोप यांबद्दलच्या. त्यांच्यावरून पायाच्या नसांबद्दल काहीच सांगता येत नाही.

आता 21 दिवस. हातापायांतली तुटलेली नस पुन्हा वाढते, पण सगळं जुळून आलं तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे 21 दिवसांत जेमतेम दोन सेंटिमीटर. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू कमरेपासून निघतात, जवळजवळ मीटरभर लांब असतात, आणि मधुमेहात आधी मरतात ती त्यांची टोकं. शिवाय रक्तातली साखर चढलेली असली की ही वाढ आणखी मंदावते.

‘पण आमच्या काकांच्या पायांची जळजळ खरंच थांबली!’ असेल. मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते. जळजळ नस सुधारल्यामुळे थांबू शकते, तशीच ती नस पूर्ण मेल्यामुळेही थांबते. कुठलं झालंय ते तपासायला डॉक्टर पेशंटला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवतात आणि तो किंचित वाकेपर्यंत दाबतात. ‘कळलं की हो म्हणा.’ टाचेला ‘हो’ येतं, चवड्याला थोडं थांबून येतं, आणि अंगठ्याला तंतू वाकून गेला तरी माणूस गप्प. असा माणूस अनवाणी काजूच्या बागेत गेला की काटा रुतलेला त्याला कळत नाही. कळतं ते जखम चिघळल्यावर.

‘दुष्परिणाम शून्य’ हे साफ खोटं. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात, आणि गोळ्या चालू असताना साखर जास्तच खाली जाऊ शकते. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांच्या 2008 मधल्या एका अमेरिकी तपासणीत सुमारे वीस टक्के नमुन्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं आणि आर्सेनिक तर स्वतःच नसा मारतात! तेव्हा निनावी डब्यातलं चूर्ण घेताना दहा वेळा विचार करा.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला तर घातकच. 1993 च्या डीसीसीटी या मोठ्या चाचणीत टाइप-1 मधुमेहींची (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्यांची) साखर काटेकोर ताब्यात ठेवल्यावर नसांच्या विकाराचं प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. टाइप-2 मध्ये, म्हणजे बहुतेकांना असतो त्या प्रकारात, फायदा कमी दिसतो, पण म्हणून साखर मोकाट सोडणं नसांसाठी धोक्याचंच.

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनचा 8 टक्क्यांचा पॅच (कातडीवर लावायची पट्टी) मधुमेही पायांच्या दुखण्यासाठी अमेरिकेत 2020 मध्ये मंजूर झाला, तो माणसांवर चाचण्या होऊनच. तोही दुखणं कमी करण्यासाठी, नस उगवण्यासाठी नाही. अश्वगंधा घ्यायचीच असेल तर पेडण्यातल्या धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत जा, वैद्यांना चालू गोळ्यांची यादी दाखवा.

आणि पायांना मुंग्या येत असतील तर बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं ते कमी होऊ शकतं, शाकाहारी असाल तर आणखीच. त्या कमतरतेनेही पाय असेच बधिर होतात, आणि वेळेत इंजेक्शनं सुरू झाली तर बऱ्याच जणांचे सुधारतात.