मलाखी 3:10 सगळ्यांना पाठ, मग 3:5 चं काय?

दशमांशावर, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देण्यावर, उपदेश झाला नाही असा जानेवारी महिना मला तरी आठवत नाही. नवीन वर्ष लागलं की उपास, संकल्प आणि मग बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकातलं वचन 3:10, दशमांश भांडारात आणा मग आकाशकपाटं उघडणार, ठेवायला जागा पुरणार नाही एवढा आशीर्वाद. आता तर यूट्यूबवर पण तेच चालू असतं आणि खाली क्यूआर कोड. संडे स्कूलच्या पोरांना झोपेतून उठवून विचारा, वचन तोंडपाठ. माझा दशमांशाला विरोध नाहीये हं, मी देतो, देत राहणार. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर अर्धी जनता इथेच थांबून "हा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्याच, विरोधात बोलतोय" म्हणत निघून जाईल.

पण त्याच पानावर बोट जरा वर सरकवा ना. पाचवं वचन. देव म्हणतो, मी न्याय करायला तुमच्याकडे येतो, आणि कोणाकोणाचा ते पण सांगतो. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्यांच्याच रांगेत मजुराची मजुरी मारणारे, विधवा-अनाथांना गांजणारे, परक्याचा हक्क डावलणारे. जादूटोण्यावर आपल्याकडे कितीतरी उपदेश होतात, व्यभिचाराचा विषय तरुणांच्या कॅम्पात ठरलेलाच असतो, पण मजुरीवर पुलपिटावरून अख्खा उपदेश मी तरी ऐकलेला नाही, तुम्ही ऐकला असेल तर खरंच सांगा.

बरं हे एकाच ठिकाणी आलंय असंही नाही. मोशेच्या नियमशास्त्रातलं लेवीय 19:13 म्हणतं मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको. त्यातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात तर सूर्य मावळायच्या आत दे म्हटलंय, कारण तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो, आणि तो मजूर आपला असो की परदेशी, दोघांना तोच नियम. नव्या करारात याकोब 5:4 मध्ये शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. म्हणजे मोशेपासून याकोबापर्यंत एकच सूर, आणि आपण मात्र तेवढी पानं उलटून पुढे जातो.

आता आपल्या घरात या. उपासना सुटल्यावर बाहेर गप्पा रंगतात त्यात कधीतरी कामवाल्या बाईबद्दल हे ऐकलं असेल, "अहो, तिचे चार खाडे झाले, मी सरळ कापले पैसे." खाडे का झाले, तर पोरगं तापाने फणफणलं होतं. एक तारखेचा पगार सात तारखेला, कधी दहाला, "सुट्टे नाहीत गं" म्हणून, आणि हातात तोच फोन ज्यावरून आत्ता अर्पणाचा क्यूआर स्कॅन केला. आणि हीच माणसं उपकारस्तुतीच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला, अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावात एका भोपळ्यासाठी तीन हजारापर्यंत बोली चढवतात, टाळ्या पडतात, पाळकसाहेब माइकवरून नाव घेतात. चांगलंय, पैसा देवाच्या कामाला जातो. पण तो भोपळा बाजारात साठ-सत्तरला मिळतो हो, आणि खाड्याचे कापलेले पैसे त्या लिलावापुढे काहीच नाहीत.

आणि मंडळीचं स्वतःचं काय? पहाटे येऊन कुलूप उघडणारा, फरशी पुसणारा, खुर्च्या मांडणारा, मयत असली की रात्री-अपरात्री कबरस्तानात पळणारा जो माणूस असतो, त्याच्या हातात महिन्याला किती पडतात हे किती सभासदांना माहीत आहे? विचारलं की उत्तर येतं, "सेवा आहे ती, प्रभू त्याला देईल." नहेम्या 13 वाचा. लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांना, आणि गायकांना त्यांचा वाटा मिळेना म्हणून ते मंदिराचं काम सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. यहूदाचा सुभेदार नहेम्याने "सेवा आहे ती" म्हणून त्यांना गप्प केलं नाही, तो अधिकाऱ्यांवर चिडला, देवाचं मंदिर असं वाऱ्यावर का सोडलं म्हणून, आणि मग लोकांनी धान्य, द्राक्षारस, तेल यांचा दशमांश भांडारात आणला. म्हणजे ज्या भांडारासाठी आपण दशमांश मागतो ते भांडार काम करणाऱ्यांच्या पोटासाठीच होतं! अनुवाद 14 प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश तर गावातल्या लेव्याला, उपऱ्याला, अनाथाला आणि विधवेला पोटभर जेवता यावं म्हणून असायचा.

नगर जिल्ह्यातल्या आपल्या बऱ्याच घरांचे पूर्वज महार-मांग समाजातून आले, गावकीची कामं करून, वेठ बिगारी करून, उरलंसुरलं पदरात घेऊन जगलेले. मजुरी अडली की रात्री चूल कशी पेटते हे आपल्या पणजीला कुणी उपदेशातून शिकवावं लागलं नसतं. दोन-तीन पिढ्या शिकल्या, नोकऱ्या लागल्या, फ्लॅट झाले, आता आपण मालकाच्या बाजूला बसून वचन वाचतो.

कॅथलिकांकडे या विषयावर निदान कागद तरी आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्येच कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं, त्यात याकोबाचं हेच वचन आहे, आणि 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेताना त्याची आठवण काढली. आपण प्रॉटेस्टंट शास्त्र आमच्या हातात म्हणून मिरवतो, आणि यिर्मया 22 उघडत नाही. तिथे यहोयाकीम राजा शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेऊन गंधसरूचा वाडा बांधतो, आणि देव त्याला त्याच्या बापाची आठवण देतो, तो गोरगरिबांचा न्याय करायचा, मला ओळखणं म्हणजे हेच ना? उपवास-प्रार्थनेत "प्रभू तुला ओळखू दे" म्हणून तासभर रडणाऱ्यांनी ते सोळावं वचन एकदा वाचावं.

आता वार्षिक सभा येईल, अहवाल वाटतील. साउंड सिस्टिम, रंगकाम, पाहुण्या वक्त्यांचा प्रवास, आणि खाली कुठेतरी एका ओळीत सेवकांचं मानधन. मी उभं राहून विचारणार आहे की तो आकडा सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या आसपास तरी जातो का. कुणाला सोबत उभं राहायचं असेल तर आधीच कळवा, एकट्याने विचारलं की लगेच म्हणतात ह्याला खजिनदार व्हायचंय.