बंपरवरची शिट्टी आणि रस्त्यातलं चितळ

‘गाडीच्या बंपरला ही शिट्ट्यांची जोडी चिकटवा. वेग ताशी ५० च्या पुढे गेला की वाऱ्याने त्यातून अल्ट्रासॉनिक आवाज निघतो. माणसाला ऐकू येत नाही, पण ४०० मीटरवरचे सगळे प्राणी रस्ता सोडून पळतात. परदेशात सिद्ध झालंय. जंगलातून जाणाऱ्यांनी जरूर शेअर करा.’

हा मेसेज या महिन्यात मला तीन ग्रुपांवर आला. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल तक्रार नाही. आम्ही नागपूर-चंद्रपूरकडची माणसं, रात्री गाडी काढली की रोही, रानडुक्कर, चितळ यांतलं कोणी ना कोणी आडवं येतंच. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीजवळ गाडीची धडक बसलेला वाघ फरफटत झाडीत शिरतानाचा व्हिडिओ ज्याने पाहिला, त्याला असं काहीतरी हातात असावं असं वाटणारच. पण मेसेजमधलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की हाती काही उरत नाही.

‘अल्ट्रासॉनिक आवाज निघतो.’ अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात २००३ साली या शिट्ट्या प्रत्यक्ष मोजल्या. एका प्रकारची शिट्टी ३.३ किलोहर्ट्झला (आवाजाची पट्टी मोजायचं हे माप) वाजत होती, दुसरी १२ च्या आसपास. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे हा आवाज अल्ट्रासॉनिक नव्हताच. मग गाडीत बसून तो ऐकू का येत नाही? कारण टायर, इंजिन आणि वारा यांच्या घरघरीत तो बुडून जातो. आपल्या कानाला जे बुडालेलं, ते चितळाच्या कानाला वेगळं काढून कोण देणार?

‘४०० मीटरवरून ऐकू जातो.’ समजा आवाज खरोखरच २० किलोहर्ट्झच्या वरचा निघाला. मग तर अडचण वाढते. आवाज जितका वरच्या पट्टीतला, तितकी हवा त्याला लवकर गिळते. लग्नातला डीजे आठवा. पलीकडच्या वस्तीत नुसतं धम्-धम् पोचतं, झांजेचा आवाज मंडपाच्या आसपासच विरतो. २० किलोहर्ट्झचा आवाज साधारण हवेत दर मीटरला अर्धा डेसिबल गमावतो, म्हणजे १०० मीटरमध्ये ५० डेसिबल नुसते हवेत जिरले. चारी दिशांना पसरताना जातो तो आणखी वेगळा. बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या शिट्टीतून निघून ४०० मीटर जायचं, तेही वळणावर, सागाच्या रानातून? सोडा.

‘प्राणी घाबरून पळतात.’ खरी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कान असणं वेगळं आणि आवाजाचा अर्थ लागणं वेगळं. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण सुमारे ३० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतं, पण त्याचा कान सर्वांत तिखट आहे ४ ते ८ च्या पट्ट्यात. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीवर स्पीकर बसवून ०.२८ पासून २८ किलोहर्ट्झपर्यंतचे पाच वेगवेगळे सूर वाजवले आणि रस्त्याकडेची हरणं काय करतात ते पाहिलं. त्यांचा निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला: धडक टळेल असा कोणताही बदल हरणांच्या वागण्यात झाला नाही. इथे आवाज पोचत नव्हता असंही म्हणता येत नाही. हरणांना त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

आपलं चितळ पाहिलं असेल तर हे पटायला वेळ लागत नाही. अनोळखी आवाज आला की ते आधी पळत नाही. मान वर, दोन्ही कान आवाजाकडे, पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटतं. धोका कुठे आहे ते कळेपर्यंत जागेवर. जंगलात हीच शहाणी रीत आहे, कारण वाघ कुठे दबा धरून बसलाय हे न कळता धावणं म्हणजे त्याच्याच तोंडी जाणं. डांबरी रस्त्यावर हेडलाइटसमोर तीच रीत जिवावर बेतते. आणि पळालं तरी कुठल्या बाजूला पळणार? एक मादी रस्ता ओलांडून गेली की मागची दोन-तीन तिच्याकडेच धावतात. आवाजाने दचकून ती गाडीपुढे आली तर उपकार कोणाचे मानायचे?

शिवाय सवय. जागलीला जाणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. डबे वाजवा, फटाके फोडा, बॅटरीवरच्या भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं लावा. चार रात्री डुकरं बिचकतात, पाचव्या रात्री भोंग्याशेजारीच हरभरा उकरतात.

तरीही आवाजाने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. जपानमधल्या रेल्वे संशोधन संस्थेने रेल्वेगाडीवरून आधी हरणाचा धोक्याचा फूत्कार आणि मग कुत्र्यांचं भुंकणं वाजवून पाहिलं, तेव्हा रुळांजवळ हरणं दिसण्याचं प्रमाण जवळपास ४५ टक्क्यांनी घटलं. आसामात २०१७ पासून रेल्वेने हत्तींसाठी मधमाश्यांच्या गुणगुणीचे भोंगे फाटकांजवळ लावले. हे आवाज त्या जनावराच्या भाषेतले आहेत आणि मोठ्याने वाजतात. प्लास्टिकची शिट्टी त्याला काय सांगते? काहीच नाही.

‘सगळे प्राणी’ हे आणखी एक. बहुतेक पक्ष्यांना १० किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही, त्यामुळे अल्ट्रासॉनिक मोराला लागू नाही. सापाला बाहेरचा कानच नाही. आणि पावसाळ्यात घाटरस्त्यांवर सर्वाधिक चिरडले जातात ते बेडूक आणि साप. पुढे.

‘परदेशात सिद्ध झालंय.’ परदेशात तपासलं गेलंय, हे खरं. अमेरिकेतल्या यूटामध्ये दोन संशोधकांनी म्यूल हरणांच्या १५० कळपांजवळून शिट्ट्या लावून आणि न लावता गाडी नेली. हरणांच्या प्रतिसादात फरक आढळला नाही. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियात कांगारूंसाठी ‘शू रू’ नावाचं गाडीवर बसवायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र निघालं. मेलबर्न विद्यापीठाच्या हेलेना बेंडर यांनी ते तपासलं, आणि कांगारू ढिम्म. सिद्ध झालं ते हे.

‘माझ्या गाडीला दोन वर्षं आहे, एकदाही जनावर धडकलं नाही.’ हा मेसेजमधला नव्हे, मेसेजखाली हमखास येणारा मुद्दा, आणि लोकांना सगळ्यात जास्त पटणारा. माझा साडू हेच सांगतो. त्याला विचारलं, शिट्टी लावायच्या आधीच्या बारा वर्षांत किती जनावरं धडकली? एकही नाही. मग शिट्टीने वाचवलं कशापासून?

दिवाळीत तो आला तेव्हा गाडी धुताना मी त्या शिट्ट्या जवळून पाहिल्या. उजवीचं तोंड कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेलं. काडीने टोकरलं तर आत वाळलेल्या अळ्या. डावीत चिखल आणि चिलटांचा लगदा. या किती महिन्यांपासून बंद होत्या देव जाणे, आणि साडूचा ‘अनुभव’ त्या सगळ्या महिन्यांत अखंड चालू होता. त्याने त्या पुसून, फुंकर मारून परत बसवल्या.

‘बरं, नसेल उपयोग, पण लावली तर बिघडतं काय?’ दीडदोनशे रुपये गेले तर गेले. बिघडतं ते पायाखाली. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ३३ मीटर. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५. डिपर लाइटमध्ये दिसतं ४०-५० मीटर. ताशी ५० ला हाच हिशोब ३५ मीटरांत संपतो. साडूसोबत मागच्या महिन्यात भद्रावतीहून ताडोबाच्या मोहर्लीकडे रात्री जाताना काटा ८५ वर होता. म्हटलं, हळू घे. तर म्हणाला, ‘अहो भाऊजी, शिट्टी आहे ना.’