गंधकाच्या खाणी एका ओळीत संपत नाहीत

तुमचा इटलीतल्या सिसिली बेटावरचा लेख आवडला. एटना ज्वालामुखीची काळी माती, अरबांनी आणलेली लिंबं आणि पाटबंधारे, सगळं छान आलंय. पण गंधकाच्या खाणी एका ओळीत उरकल्या, याचं वाईट वाटलं. एकोणिसाव्या शतकात जगाला लागणारं बहुतेक गंधक काल्तानिसेत्ता, आग्रिजेंतो या भागातून जायचं. बारुदीला, आम्लाच्या कारखान्यांना आणि 1850 नंतर युरोपातल्या द्राक्षबागांना, भुरी या बुरशीच्या रोगावर धुरळायला. ते खांद्यावरून वर आणायची लहान पोरं, 'कारुसी'. आईबापांनी खाणवाल्याकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पोरानं राबायचं. खडकात खोदलेल्या ओबडधोबड पायऱ्या, हातात तेलाचा दिवा, उकाड्यामुळे अंगावर जवळपास कपडा नाही. कोवळ्या वयात पाठी वाकायच्या त्या कायमच्या. वर भट्टीत गंधकच जाळून गंधक वितळवायचे, त्या धुरानं आसपासची पिकं करपायची. पुढे अमेरिकेत हर्मन फ्राशनं तापवलेलं पाणी जमिनीत सोडून गंधक वितळवून वर काढलं आणि सिसिलीची मक्तेदारी मोडली. सिसिलीची माणसं तेव्हा बोटी भरभरून अमेरिकेला का गेली, हे सांगताना या खाणी वगळू नयेत. पुढच्या भागात यावर जरूर लिहा.