"विश्वासणाऱ्याने होमर-शेक्सपिअर वाचू नये" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मंडळीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांना आला असेल. म्हणणं असं की होमर, व्हर्जिल, शेक्सपिअर ही पाश्चात्त्य साहित्यातली मोठमोठी पुस्तकं विश्वासणाऱ्याने वाचूच नयेत. कारणं काय, तर पौलाने कुसंगतीपासून सावध केलंय, इफिसच्या लोकांनी पुस्तकं जाळली, आद्य मंडळीने असलं साहित्य नाकारलं, त्यात पापाचं वर्णन असतं, आणि वाचायचंच असेल तर फक्त ख्रिस्ती लेखक वाचा, ते सेफ असतात. कॉलेजात लिटरेचर घेतलेली आपली पोरं हे वाचून घाबरतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"कुसंगतीने नीती बिघडते", करिंथकरांस पहिलं पत्र, १५:३३. मेसेजची सुरुवातच या वचनाने आहे. पण हे वाक्य मुळात मिनँडर नावाच्या ग्रीक नाटककाराचं म्हणून ओळखलं जातं, म्हणजे जी पुस्तकं वाचू नका म्हणून हे वचन पाठवलं जातंय त्याच प्रकारच्या पुस्तकातून पौलाने ते घेतलंय! आणि एकदाच नाही. अथेन्समध्ये अरीयपग नावाच्या टेकडीवर उभा राहून तो "आपण त्याचा वंश आहोत" असं त्यांच्याच कवीचं म्हणणं सांगतो (प्रेषितांची कृत्ये १७:२८), ती ओळ ग्रीक कवी अराटसची, आणि मूळ कवितेत ती झ्यूसबद्दल आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात क्रेतच्या एका कवीची ओळ येते. पौलाने हे सगळं वाचलेलं किंवा निदान ऐकून पाठ असलेलं होतं, आणि जिथे खरं दिसलं तिथे ते खरं म्हणायला तो कचरला नाही.

इफिसचं थोडक्यात. प्रेषितांची कृत्ये १९:१९ नीट वाचा, ती जादूटोण्याची पुस्तकं होती आणि ज्यांची होती त्यांनीच आणून जाळली. कवितेचा तिथे संबंध नाही.

आता आद्य मंडळीने नाकारलं, हा मुद्दा. मेसेजमध्ये आद्य ख्रिस्ती लेखक टर्टुलियनचं "अथेन्सचा यरुशलेमशी काय संबंध" (म्हणजे ग्रीक विद्येचा विश्वासाशी काय संबंध) आणि बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमचं स्वप्न दोन्ही दिलंय. स्वप्नात न्यायासनापुढे जेरोमला ऐकवलं जातं की तू सिसेरोचा (म्हणजे त्या रोमन लेखकाचा) आहेस, ख्रिस्ताचा नाहीस, आणि तो शपथ घेतो की ही पुस्तकं परत हातात धरणार नाही. हे खरंय, त्याच्याच पत्रात आहे. पण पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. त्याच जेरोमने नंतर मॅग्नस नावाच्या माणसाला पत्र लिहून अशा साहित्याचा वापर योग्य ठरवला, आणि पुरावा म्हणून पौलाच्या वर सांगितलेल्या त्याच तीन ओळी दिल्या. टर्टुलियन सगळ्यात कडक, तोसुद्धा म्हणतो की ख्रिस्ती माणसाने हे शाळेत शिकवू नये, शिकणं मात्र चालेल. आणि ख्रिस्ती शिक्षकांनी होमर शिकवायचा नाही असा हुकूम खरोखर काढला कुणी माहितीये? रोमन सम्राट ज्युलियनने, ३६२ साली, जो ख्रिस्ती विश्वास सोडून जुन्या देवांकडे गेला होता. मंडळीला तो हुकूम अन्याय वाटला आणि नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मगुरूने त्याच्यावर तुटून पडून लिहिलं. मेसेज लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून बघावं की आपण कुणाची मागणी पुढे रेटतोय.

आद्य मंडळीचा मोठा धर्मपंडित ऑगस्टीन, त्याचं तर काय सांगावं. व्हर्जिलच्या काव्यातल्या डिडो राणीच्या मरणावर आपण रडलो पण स्वतःच्या आत्म्याच्या मरणावर नाही, असं तो 'कबुलीजबाबा'त लिहितो, हे वाक्य मेसेजवाल्यांना आवडेल. पण त्याच पुस्तकात पुढे तो सांगतो की एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचं 'हॉर्टेन्सियस' वाचलं आणि त्याने माझ्या प्रार्थनांची दिशा देवाकडे वळवली. सिसेरो ख्रिस्ताच्या जन्माआधी मेलेला माणूस! दोन्ही ऑगस्टीनच, आणि मला वाटतं ख्रिस्ती वाचन म्हणजे हे दोन्ही एकत्र धरणं, पुस्तकाने हलून जाणं आणि मग देवासमोर स्वतःला विचारणं की मी कशाने हललो. आपल्याकडे फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, इथल्या लोकांच्या कवितेचा कान असल्याशिवाय ते झालं असतं का?

पापाचं वर्णन असतं म्हणता, मग बायबलमधलाच शास्ते १९ वाचून दाखवा. दावीद आणि बथशेबा वाचा. पाप दाखवणं आणि पाप गोड करून विकणं यात फरक आहे. शेक्सपिअरच्या नाटकात मॅकबेथ राजाचा खून करून येतो आणि बायकोला सांगतो की शेजारच्या खोलीत कुणीतरी "देव आम्हाला आशीर्वाद देवो" म्हणालं आणि मला "आमेन" म्हणायचं होतं, पण शब्द घशातच अडकला. पाप माणसाचं काय करतं हे इतकं अंगावर येईल असं मी फार थोड्या उपदेशांत ऐकलंय. (वय बघून पुस्तक द्यावं हे मान्यच, त्यात वाद नाही.)

राहिला शेवटचा मुद्दा, ख्रिस्ती लेखक सेफ. हा मला सगळ्यात चुकीचा वाटतो. इटालियन ख्रिस्ती कवी दांतेने आपल्या 'डिव्हाइन कॉमेडी'त नरकात पोप तिसऱ्या निकोलसला उलटा खड्ड्यात घातलाय. आणि नरकातून वाट दाखवायला घेतलं कुणाला, तर व्हर्जिलला, ख्रिस्त न ओळखलेल्या कवीला. पुढे शुद्धिलोकात कवी स्टेशियस त्याच व्हर्जिलला म्हणतो, तुझ्यामुळे मी कवी झालो, तुझ्यामुळे ख्रिस्ती झालो. अंधारात दिवा पाठीमागे धरून चालणारा माणूस जसा स्वतःला नाही पण मागच्यांना उजेड देतो तसा तू, असंही म्हणतो. आणि तरी व्हर्जिलला स्वर्गात जागा नाही, दांतेने तो त्रास तसाच ठेवलाय, मला तो प्रसंग आजही सोडत नाही.

रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीचं 'कारामाझोव्ह बंधू' तर बिलकुल सेफ नाही. लहान मुलांच्या यातनांबद्दल त्यातला एक भाऊ इव्हान जे बोलतो त्याहून जोरदार देवाविरुद्धचा वाद मी कुठल्या नास्तिकाच्या पुस्तकात वाचलेला नाही, आणि तो लिहिणारा मनापासून ख्रिस्ती होता. उत्तर म्हणून दोस्तोयेव्हस्कीने झोसिमा या वृद्ध साधूचा भाग लिहिला आणि हे उत्तर पुरेसं होईल का याची धास्ती वाटते असं १८७९ च्या पत्रात कबूल केलं. इव्हानचा धाकटा भाऊ आल्योशाही फारसा वाद घालत नाही, भावाचं सगळं ऐकून घेतो आणि त्याचं चुंबन घेतो. हे पुस्तक "ख्रिस्ती आहे, चालेल" म्हणून पोरांच्या हातात देऊन निघून जाऊ नका, सोबत बसून वाचा आणि इव्हानला मध्येच गप्प करू नका.