स्मार्ट टीव्हीवरची चादर

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेला माजी विद्यार्थ्यांच्या प्रतिष्ठानाने चार वर्षांपूर्वी मोठा स्मार्ट टीव्ही दिला. फीत कापली, फोटो निघाले आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर तो टीव्ही फुलाफुलांच्या चादरीखाली गेला. मी त्या प्रतिष्ठानाचा विश्वस्त आहे, त्यामुळे ही तक्रार आधी माझ्याविरुद्धच आहे.

बाईंना कारण विचारले तेव्हा त्यांनी चौथीचे पुस्तक आणि टीव्हीचा रिमोट शेजारी शेजारी ठेवले. टीव्हीत भरून आलेले पाठ कन्नड आणि इंग्रजी होते. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शैक्षणिक मंचावर महाराष्ट्राच्या बालभारतीचे मराठी पाठ मिळतात, परंतु आपल्या मुलांच्या हातातील मराठी पुस्तके कर्नाटकाची असल्यामुळे धडे आणि त्यांचा क्रम जुळत नाही, म्हणजे एका तासाच्या पाठासाठी घरी दोन तास शोधाशोध. त्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूचा पाऊस लागला की वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात आणि वर्ग मात्र पाच असतात. बाई चौथीला टीव्हीसमोर बसवतात तेव्हा तिसरी काय करते, हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता.

अझीम प्रेमजी फाउंडेशनसारख्या मोठ्या संस्थेनेही सुरुवातीला संगणकाधारित शिक्षणासाठी सीडी तयार करून शाळाशाळांत पोहोचवल्या आणि पुढे आपले लक्ष शिक्षकांच्या क्षमतेकडे वळवले. हा अनुभव डोळ्यांसमोर असताना आम्ही गावपातळीवर तीच वाट पहिल्यापासून चालत होतो.

यंदा आम्ही नवे यंत्र दिले नाही. शिक्षकाने अर्ध्या पानावर स्वतःच्या शब्दांत गरज लिहावी आणि प्रतिष्ठानाने महिन्याच्या आत होकार किंवा नकार कळवावा, एवढाच नियम केला. बाईंनी मागितले ते स्टॅबिलायझर, एक साधा माइक आणि दोन पेन ड्राइव्ह. शेजारच्या गावातील गुरुजींसह त्यांनी कर्नाटकाच्या पुस्तकाच्या क्रमाने पाच-सात मिनिटांचे पाठ स्वतःच्या आवाजात तयार केले, जे इंटरनेटशिवाय चालतात. त्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कोंबडा आरवतो, आणि मुले नेमकी तीच जागा पुन्हा लावायला सांगतात. निवृत्त झालेले एक गुरुजी आठवड्यातून दोन दिवस येऊन तिसरीचा वर्ग सांभाळतात. त्यांचे मानधन प्रतिष्ठान देते. देणगीदारांना हा खर्च रुचत नाही, हे मी जाणतो, कारण मानधनावर नावाची पाटी लावता येत नाही.

पुढच्या बैठकीत पुण्यातील एका दात्याचा आणखी दोन टीव्हींचा प्रस्ताव येणार आहे. माझे मत मी लेखी कळवले आहे: टीव्ही एकच घ्यावा, आणि उरलेली रक्कम निवृत्त गुरुजींच्या पुढील वर्षाच्या मानधनासाठी वेगळी ठेवावी.